दोघांची सायकल आणि पंधरा दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते थोडे हसले. युनियनचा माणूस बोलावयास येणार म्हणजे संप, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी त्यांची अटकळ असावी. आणि ती चुकीची नव्हती. आम्ही त्यांना म्हटले, फ्रान्सच्या समुद्रकाठाने एक नवराबायको सायकलवरून चालली आहेत. त्यांच्या त्या एका दिवसाचा इतिहास आम्ही सांगू. चालकांनी मोठ्या मनाने मान्यता दिली. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, आमच्या आजच्या गोष्टीत समुद्र आहे, सायकल आहे. आणि संपही आहेच. त्याच्यावाचून ती सायकल समुद्रापर्यंत पोचलीच नसती.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात झाले आणि उरलेले युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटापुढे. त्या कपाटात कोणीतरी ठेवून गेलेले एक जुने पुस्तक आमच्या हाती लागले. त्यात १९३६ सालच्या उन्हाळ्यातील फ्रान्सची छायाचित्रे होती. त्यांतील एकदोन चित्रांत एक लांबट सायकल होती. तिला दोन सीटा, दोन हँडले आणि पायडलांच्या दोन जोड्या. पुढे नवरा, मागे बायको, कॅरिअरवर बोचके. तिकडे या सायकलीला टँडेम म्हणतात. आपल्याकडे डबलसीट असते, पण तिच्यात एक राबतो आणि दुसरा बसतो. टँडेमवर दोघांनीही पाय मारावयाचे असतात. त्या दोघांच्या तोंडावर जो आनंद होता, तो पाहून आम्हांस प्रश्न पडला, की सायकलवर बसणे यात एवढे ते काय आहे? याचे उत्तर शोधता शोधता जे हाती आले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम सायकलीची कुळकथा थोडक्यात पाहू. १८६० नंतरच्या काही वर्षांत पॅरिसमध्ये पायडल लावलेल्या दुचाकीचे वेड पसरले. १८६९ च्या नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ अशी मोठी शर्यत झाली. पुढे १८८५ च्या सुमारास इंग्लंडात सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल आली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला आणि १८९१ साली फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी रस्त्यातच काढून पंक्चर जोडता येईल असा टायर बनविला. सायकल आता माणसाच्या अंगाला बसली. पण खिशाला बसली नव्हती. त्या काळी एका चांगल्या सायकलीला मजुराची कित्येक महिन्यांची कमाई पडे. सरकारही तिला चैनीची वस्तू समजे. १८९३ पासून तिच्यावर वार्षिक कर बसला आणि कर भरल्याची धातूची पट्टी सायकलीवर मिरवावी लागे.

या जुन्या दिवसांतील एक जोडपे जगाला ठाऊक आहे. १८९५ च्या जुलैमध्ये पिएर क्यूरी आणि मारी यांचे लग्न झाले. धर्मविधी नाही, थाट नाही. एका नातलगाने आहेरादाखल पैसे दिले, त्यांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून भटकत मधुचंद्र केला. पैसा त्यांच्याकडे फारसा नव्हता, हे खरे. पण विद्यादानाच्या पेशात असल्यामुळे एक गोष्ट होती, जी मजुराकडे नव्हती. ती म्हणजे उन्हाळ्याची सुटी. हे क्यूरी पतिपत्नी लक्षात ठेवा. त्यांची मुलगी या कथेत पुढे भेटणार आहे.

दुसरे नाव पॉल द व्हिव्ही यांचे. ते रेशमाच्या व्यापारातील गृहस्थ. कोळशाच्या खाणींच्या, बंदुकांच्या आणि सायकलींच्या सेंत-एतिएन या गावी राहत. १८८७ साली त्यांनी सायकलवाल्यांचे मासिक काढले आणि व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहू लागले. शर्यतीवाचून, केवळ प्रवासासाठी सायकल चालविणाऱ्यांचे ते गुरू होत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि बडेजावासाठी कधी पायडल मारू नये, असा त्यांचा उपदेश असे. चढावर सोपे आणि सपाटीवर जड असे वेगवेगळे गिअर सायकलीला असावेत, यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली. शर्यतवाल्यांना ते पटेना. १९०३ मध्ये सुरू झालेल्या फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत चेन सरकवणारा गिअर १९३७ पर्यंत वर्ज्य होता. म्हणणे असे, की खऱ्या मर्दाला सवलत कशाला? व्हेलोसिओंचे म्हणणे उलट होते. माणसाने यंत्रापायी मोडून घेऊ नये. यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे. १९३० साली सेंत-एतिएनमध्ये ट्रामखाली सापडून त्यांचा अंत झाला. हा मनुष्य कामगारपुढारी नव्हता. पण कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या आम्हांला त्याचे म्हणणे एकदम घरचे वाटले.

तिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत, नव्हे, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत म्हणावयाचे होते, सायकल स्वस्त झाली होती. पॅरिसच्या उपनगरांतील कामगार रोज तिच्यावरून फाटक गाठत. म्हणजे वाहन दारात आले होते, रस्ता दारापासून समुद्रापर्यंत होता आणि पाय तर होतेच. नव्हता तो दिवस.

दिवस ही काय चीज आहे, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला फार पूर्वी कळले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून जे मागणे मागितले, त्यात रविवारची सुटी अग्रभागी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले, दोन स्त्रिया सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. फ्रान्समध्ये काय होते? रविवारच्या विश्रांतीचा जुना कायदा तेथे १८८० साली रद्द झाला होता. १० मार्च १९०६ रोजी कुरिएरच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. देश हादरला, संप झाले, आणि त्याच वर्षी १३ जुलैला आठवड्याच्या सुटीचा कायदा झाला. आमच्या लोखंड्यांनंतर सोळा वर्षांनी! युरोपात सारे आधी झाले आणि मग आपल्याकडे आले, असे समजणाऱ्यांनी ही दोन सने शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

परंतु रविवार म्हणजे धुणे, दाढी आणि झोप. रविवारात समुद्र बसत नाही. त्यासाठी सलग दिवस लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी चालू राहावी लागते. फ्रान्समध्ये सरकारी नोकरांना १८५३ पासून पंधरा दिवसांची पगारी रजा होती. कारखान्यातील कामगाराला, थोडे अपवाद सोडता, १९३६ पर्यंत ती नव्हती. मधली वर्षे ८३. तोवर कामगाराच्या भाषेत कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कमी भरलेले पाकीट.

१९३६ च्या एप्रिल-मेमध्ये निवडणुका झाल्या आणि समाजवादी, कम्युनिस्ट व रॅडिकल यांची लोकआघाडी निवडून आली. समाजवादी पक्षाचे लेओं ब्लूम पंतप्रधान होणार हे ठरले. पण त्यांनी सूत्रे घेण्यापूर्वीच कामगार हलले. ल हाव्र या बंदरात ब्रेगे यांचा विमानांचा कारखाना होता. मे दिनी कामावर न आल्याबद्दल तेथील दोन कामगारांस काढण्यात आले. ११ मे रोजी त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले. मात्र फाटकाबाहेर न पडता कारखान्यातच ठाण मांडले. ही रीत वणव्यासारखी पसरली. जूनमध्ये सुमारे १२,००० संप झाले आणि १८ लाखांवर कामगार संपात होते. यंत्रांना धक्का लावावयाचा नाही, उलट ती पुसूनपासून ठेवावयाची. बाहेरून बायकापोरांनी भाकरी आणून द्यावयाची. रात्री वाजंत्री वाजवून नाच करावयाचा. ज्यांनी टाळेबंदी अनुभवली आहे त्यांना यातील मर्म सांगावयास नको. कामगार आत बसला तर बाहेरून नवी माणसे भरता येत नाहीत.

४ जूनला ब्लूम सत्तेवर आले. ७ जूनच्या रात्री मातिन्यों भवनात मालक आणि युनियन समोरासमोर बसले. पगारात ७ ते १५ टक्के वाढ, युनियनला मान्यता, सामुदायिक करार, आणि दहापेक्षा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी, असा समझोता झाला. आता ऐकण्यासारखी गोष्ट ही, की या कराराच्या कागदात पगारी रजा नव्हती. लोकआघाडीच्या निवडणूक-कार्यक्रमातही ती नव्हती. ती सरकारने कायद्याने आणली. प्रतिनिधिगृहात ५६३ मते अनुकूल पडली आणि प्रतिकूल केवळ एक. २० जून १९३६ रोजी कायदा झाला. एक वर्ष नोकरी झालेल्या प्रत्येकास पंधरा दिवसांची पगारी रजा, आणि त्यांत कामाचे दिवस निदान बारा. दुसऱ्याच दिवशी चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला.

पगारी रजा मिळाली, पण तिचे करावयाचे काय, हे अनेकांना ठाऊक नव्हते. पुष्कळजण घरीच राहिले, परसात भाजी लावली, नदीवर गळ टाकून बसले, किंवा गावाकडे आईबापांकडे गेले. खिशात पैसा नसला तर रजेला चाके फुटत नाहीत. सगळे फ्रेंच कामगार त्या वर्षी समुद्रावर लोटले, ही दंतकथा आहे. तरीही जे गेले ते थोडे नव्हते. ब्लूम यांनी लेओ लाग्रांज नावाच्या ३५ वर्षांच्या तरुणाकडे क्रीडा आणि फुरसत यांचे उपमंत्रिपद दिले होते. त्याने रेल्वे कंपन्यांकडून कामगारांच्या वार्षिक रजेसाठी भाड्यात ४० टक्के सूट मिळविली. त्या पहिल्या मोसमात सुमारे ६ लाख लोकांनी ते तिकीट घेतले. विरोधकांनी त्याच्या खात्याला आळसाचे मंत्रालय असे नाव ठेवले. याच मंत्रिमंडळात, स्त्रियांना मताचा अधिकार नसलेल्या त्या देशात, तीन स्त्रिया उपमंत्री होत्या. त्यांतील एक ईरेन जोलिओ-क्यूरी. सायकलवरून मधुचंद्र करणाऱ्या त्या जोडप्याची ही थोरली मुलगी. आईबापांना सुटीत जे साधले ते कारखान्यातील जोडप्यांना कायद्याने मिळाले, तेव्हा मुलगी सरकारात होती.

आता तो एक दिवस पाहू. या जोडप्याला आम्ही नावगाव देत नाही. त्या उन्हाळ्याची चित्रे आणि त्या किनाऱ्याची माहिती यांवरून आम्ही तो दिवस जुळवला आहे. नवरा पॅरिसच्या उपनगरात धातूच्या कारखान्यात, बायको कपडे शिवण्याच्या कारखान्यात, असे समजू. सूट मिळालेल्या तिकिटाने ती दोघे पॅरिसहून दिएपला उतरली. टँडेम सामानाच्या डब्यातून आली. दिएप हा पॅरिसला जवळचा समुद्र. १८२० नंतर राजघराण्यातील स्त्रिया येथे समुद्रस्नानाला येऊ लागल्या, तेव्हापासून ते बड्या लोकांचे ठिकाण. आपल्याकडच्यासारखी वाळूची चौपाटी तेथे नाही. गारगोटीच्या गोल गोट्यांचा उतार आहे. लाट मागे जाते तेव्हा गोटे एकमेकांवर घासून खळखळतात. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याला तो आवाज विसरता येत नसावा.

सकाळी त्यांनी पश्चिमेची वाट धरली. हा किनारा खडूच्या पांढऱ्या कड्यांचा. काही ठिकाणी कडा शंभर मीटरपर्यंत उंच. वर गव्हाची आणि गुरांची सपाटी, आणि मध्येच एखादी खिंड कड्याला चिरून समुद्राला मिळते. रस्ता त्या खिंडीत घसरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. सपाट प्रदेश म्हणून निघालेल्याची येथे फजिती होते. टँडेम उतारावर दगडासारखी सुटते आणि चढावर बैलगाडीसारखी रडते. येथेच व्हेलोसिओंचा गिअर कामाला येतो, आणि येथेच मागच्या सीटीवरील बायकोचे पाय मोजले जातात. चढावर पुढच्याने एकट्याने जोर करून भागत नाही. दोघांचा श्वास आणि दोघांचे पाय एका तालात यावे लागतात. घरी ज्यांची पाळी वेगळी, जेवणाची वेळ वेगळी, अशा दोघांना हा ताल जमावयास वेळ लागला असेल.

आठनऊ किलोमीटरवर व्हारांजव्हिल येते. तेथे कड्याच्या टोकावर जुने चर्च आणि दर्यावर्दी लोकांचे कबरस्थान आहे. कडा वर्षानुवर्षे ढासळतो आणि समुद्र कबरींकडे सरकतो. दुपारच्या आधी व्हल-ले-रोझ. येथील नदी उगमापासून समुद्रापर्यंत जेमतेम सव्वा किलोमीटरही नाही. तेवढ्यात तिच्यावर पाणचक्क्या आणि पाण्यात वाढणाऱ्या भाजीचे वाफे. व्हिक्टर ह्यूगो येथे मित्राकडे येऊन राहत आणि १८८२ साली त्यांनी गावातील गरीब मुलांना जेवण घातले होते. नदीच्या काठी पाव, चीज आणि सफरचंदाची साइडर, असे जेवण. हॉटेलात जावयाचे नाही. ते परवडत नाही, आणि तेथे नजराही असतात.

नजरांविषयी सांगितले पाहिजे. समुद्रकाठच्या नेहमीच्या बड्या पाहुण्यांना ही नवी माणसे खपली नाहीत. टोपी घातलेले बदमाश, असा शब्द त्यांच्यासाठी निघाला. कामगाराची ती चपटी टोपी आजवर समुद्रकाठी फक्त सामान वाहताना दिसे. ती आता गोट्यांवर पाय पसरून बसली, हे दुखणे होते. समुद्र कोणाच्या बापाचा नाही, असे सगळेच म्हणतात; पण तो कोणाच्या वेळेचा आहे, हे कोणी विचारीत नाही.

तिसऱ्या प्रहरी सें-वालरीचे छोटे बंदर आणि सायंकाळी, दिएपपासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर, फेकाँ. येथून मच्छीमारांची गलबते न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा धरावयास जात आणि कित्येक महिने परत येत नसत. म्हणजे आमच्या जोडप्याने ज्या समुद्राकडे सुटी म्हणून पाहिले, तोच येथल्या लोकांचा कारखाना होता. रात्री स्वस्त मुक्काम लागतो. मार्क सांज्ञिए यांनी १९३० च्या सुमारास फ्रान्समध्ये युवक-निवासांची चळवळ सुरू केली होती. जाड चादर, सामाईक स्वयंपाकघर, बायकापुरुषांच्या वेगळ्या खोल्या. ती नसेल तेथे शेतकऱ्याचे गवताचे कोठार.

एवढाच तो दिवस. पराक्रम कोणता केला म्हणाल तर काहीच नाही. घड्याळावर भोंगा वाजला नाही, कोणी हजेरी घेतली नाही, आणि पंधरा दिवसांनी परत गेल्यावर पाकीट कमी भरणार नव्हते. मात्र बायकोसाठी एक गोष्ट अपुरी राहिली. कायद्याने शिवणकामाची रजा दिली, चुलीची दिली नाही. त्या दिवशी कोठारात पाव कोणी कापला, हे चित्रात दिसत नाही; आपण ओळखू शकतो.

त्यानंतर काय झाले? १९३८ च्या नोव्हेंबरात नव्या सरकारने हुकूम काढून चाळीस तासांच्या आठवड्याचे कंबरडे मोडले. ३० नोव्हेंबरचा सार्वत्रिक संप फसला आणि हजारोंना कामावरून काढले. १९३९ मध्ये युद्ध, आणि १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. आमच्या जोडप्याच्या वाटेवरील सें-वालरीलाच १२ जून १९४० रोजी स्कॉटिश सैन्याची एक डिव्हिजन शरण गेली.

२० जून १९४० रोजी मार्शल पेतां रेडिओवरून बोलले. त्यांचा आशय असा, की लोकांनी त्यागापेक्षा सुखोपभोगाला अधिक जवळ केले म्हणून ही वेळ आली. तारीख पाहा. रजेच्या कायद्याला त्याच दिवशी चार वर्षे पुरी झाली होती. आणि अकराच दिवसांपूर्वी, ९ जूनला, लेओ लाग्रांज आघाडीवर मारला गेला होता. खासदार म्हणून त्याला मागे राहता आले असते. तो आपण होऊन सैन्यात गेला. आळसाचा मंत्री रणात पडला होता, आणि देश आळसाने बुडाला असे सांगितले जात होते.

१९४२ च्या फेब्रुवारीत पेतांच्या व्हिशी सरकारने रियों या गावी ब्लूम आणि इतर नेत्यांवर खटला भरला. आरोपाचा एक भाग असा, की चाळीस तास, रजा आणि संप यांनी देशाची शस्त्रसिद्धी खच्ची केली. सत्तरीला आलेल्या ब्लूमनी मार्चमध्ये आपला बचाव स्वतः केला. शस्त्रांसाठी १९३६ च्या सप्टेंबरात आपल्याच सरकारने १४ अब्ज फ्रँकची योजना मंजूर केली, हे त्यांनी मांडले. आणि मग ते सायकलींविषयी बोलले. मंत्रिपदाच्या काळात आपण कचेरीबाहेर क्वचितच पडलो, पण पडलो तेव्हा पॅरिसबाहेरच्या रस्त्यांवर जुन्या मोटारी, फटफट्या आणि टँडेमवरील कामगार जोडपी पाहिली; दोघांच्या अंगात एकाच रंगाचे स्वेटर होते; ते पाहून कष्टाच्या अंधाऱ्या आयुष्यात आपण थोडा उजेड आणला असे वाटले, अशा आशयाचे ते बोलले. ज्या न्यायालयाने निकाल जवळपास लिहूनच ठेवला होता, त्यापुढे त्यांनी साक्षीदार म्हणून एक जोडपे उभे केले. खटला सरकारवरच उलटू लागला, जर्मन चिडले, आणि एप्रिलमध्ये तो तहकूब करण्यात आला. पुन्हा कधी सुरू झाला नाही. ब्लूमना मात्र पुढे जर्मनांनी बुखेनवाल्डला नेऊन ठेवले. ते १९४५ मध्ये जिवंत परत आले.

आता आमच्या मुद्द्यावर येतो. चाळीस तासांचा कायदा दोन वर्षांत मोडला. पगारवाढ महागाईने खाल्ली. पण पंधरा दिवसांची रजा कोणी परत घेतली नाही. जे तिला शिव्या देत होते त्या व्हिशीवाल्यांनीही ती रद्द केली नाही. उलट १९५६ मध्ये तिसरा आठवडा, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा आठवडा तिला जोडला गेला. असे का व्हावे? आमचे उत्तर साधे आहे. पगाराचा आकडा पाकिटात असतो, आणि पाकीट रिकामे होते. परंतु ज्याने बायकोबरोबर एक दिवस समुद्रकाठी काढला, त्याला तो दिवस आपला होता हे कळते; आणि कळलेली गोष्ट हुकुमाने काढून घेता येत नाही.

हा वारा केवळ फ्रान्सचा नव्हता. २४ जून १९३६ रोजी, म्हणजे फ्रेंच कायद्यानंतर चारच दिवसांनी, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने वर्षाला निदान सहा दिवसांच्या पगारी रजेचा ठराव केला. आपल्याकडे १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन दहा दिवसांची पगारी रजा आली आणि १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हे प्रमाण घातले. लोखंड्यांनी मागितलेला एक दिवस अशा रीतीने वाढत गेला.

आणि त्याचे आम्ही काय केले? येथे आम्हांला आमच्याच विरुद्ध साक्ष द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात करार होत होता. रात्रीचे दोन वाजले होते. व्यवस्थापनाने दोन वाटा पुढे ठेवल्या: वर्षाला चार दिवस रजा जादा, किंवा तेवढीच किंमत पगारात. आम्ही क्षणाचाही विचार न करता पैसे घेतले. सकाळी फाटकावर आम्हांला हार घातले. शिल्लक रजा विकण्याची मर्यादा वाढवून घेतली, तेव्हाही हार घातले. मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते आम्हांला ठाऊक आहेत. रजा विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण रजा मागावी आणि ती घ्यावी, असे एका शब्दाने तरी आम्ही कधी सांगितले काय? नाही सांगितले.

त्याच कारखान्यात एका फिटरचा निरोपसमारंभ होता. साहेबांनी भाषणात सांगितले, की यांनी सेवेत एकदाही पुरी रजा घेतली नाही. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजविल्या. त्याची बायको पहिल्या रांगेत शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसली होती. निघताना ती आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, त्या शिल्लक दिवसांत थोडे माझे पण होते हो.” आम्हांला उत्तर सुचले नाही. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. पण घरी येऊन आम्ही ते जुने पुस्तक पुन्हा उघडले. आमच्या स्वतःच्या घरीही हिशेब निराळा नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मंडळींना घेऊन कोठे गेलो, असे कोणी विचारले तर एका अधिवेशनाचे नाव सांगावे लागले असते.

श्रोतेहो, फ्रान्सचा समुद्र आपणांस हवा असे नाही. आपल्याला मुरूड आहे, हर्णै आहे, वेंगुर्ले आहे. आणि समुद्रच पाहिजे असेही नाही. टँडेम नसेल, एस्टी असेल. ज्यांना पगारी रजाच नाही अशी कंत्राटी माणसे आज आपल्याच गावात शेकड्यांनी आहेत. त्यांच्यासाठी लोखंड्यांचे काम अजून पुरे झालेले नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. पण ज्यांना ती आहे त्यांनी ती वापरावी, हेही चळवळीचेच काम आहे असे आता आम्हांला वाटते. जी वस्तू आपणच विकतो, तिची मागणी दुसऱ्यासाठी कोणत्या तोंडाने करावी?

येत्या मागणीपत्रात रजेचे कलम आम्ही पगाराच्या शेजारी घालणार आहोत, आणि तिच्या बदली पैसे देऊ केले तर सभासदांना घरी जाऊन बायकोला विचारून या, असे सांगणार आहोत. सभेत ते हसतील. हसू देत. टँडेमवर मागे बसणाऱ्याचेही पाय असतात.